गाडीचा रंग बदलायचाय? आधी जुना रंग तपासा

आमची चंदेरी हॅचबॅक नऊ वर्षांची झाली तेव्हा टपावरची चकाकी पार गेली होती. सोसायटीला झाकलेलं पार्किंग नाही, त्यामुळे पुण्याचे नऊ उन्हाळे तिने डोक्यावर घेतले. टपावर तळहाताएवढे पांढुरके चट्टे पडले होते आणि नख लावलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी सुटून यायचं. मी रॅपिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीवर रंगीत फिल्म चिकटवून देणाऱ्याकडे गेलो. ‘होऊन जाईल, वरून फिल्म चढली की खालचं काही दिसत नाही,’ असं त्याने सांगितलं आणि मी मान डोलावली. गडद निळी सॅटिन, म्हणजे मंद चकाकीची फिल्म लागली, गाडी देखणी दिसू लागली. चार महिन्यांनी, एप्रिलच्या उन्हात, टपावरची फिल्म मागच्या कडेने उचलली. ओढून पाहिलं तर तिच्या आतल्या बाजूला पारदर्शक पापुद्रे घट्ट चिकटलेले होते. फिल्मने पकड सोडली नव्हती. तिने ज्याला धरलं होतं तेच गाडीवरून सुटलं होतं.

शेवटी टप खरवडून रंगवावा लागला आणि दोन्ही खर्च पदरी पडले. म्हणून पहिल्यांदाच गाडीचा रंग किंवा फिनिश बदलणाऱ्याला मी मनापासून सांगतो: कोणता रंग घ्यायचा हे ठरवण्याआधी गाडीवरचा आत्ताचा रंग कुठल्या अवस्थेत आहे ते बघा. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरूनच होतात.

पायरी १: गाडी तपासा

गाडी धुऊन कोरडी करा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा. दुपारी सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात. आडवे भाग आधी बघा, म्हणजे टप, बॉनेट आणि डिकीचं झाकण. उन्हाचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा मारा त्यांच्यावरच जास्त होतो.

कारखान्यातल्या रंगात चार थर असतात. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपले पेंटर त्याला लॅकर म्हणतात. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. ऊन आधी वरचा क्लिअर कोट खातं. तो फक्त मंद झाला असेल तर रबिंग आणि पॉलिशने परत उजळतो. पांढुरके चट्टे पडून कडा सुटू लागल्या की मात्र पॉलिशचा उपयोग नाही. तो भाग घासून नव्याने रंगवणं हाच उपाय.

मग टेपची चाचणी करा. चांगल्या प्रतीच्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा संशयास्पद जागी अंगठ्याने घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंगाचा कणही आला, तर त्या पॅनेलवर फिल्म लावू नका. दगड उडून टिकल्या पडलेल्या जागा आणि दारांच्या कडा इथे ही चाचणी नक्की करा.

गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक दारांवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. एखाद्या ठिकाणी त्याची ओढ कमी झाली, तर पत्रा ठोकून वर लांबी (पुट्टी) भरलेली असण्याची शक्यता आहे. (बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे चुंबक चालत नाही.) डिटेलिंगच्या दुकानांत रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. सगळीकडे १२० च्या आसपास आकडा येतोय आणि एका दारावर ३०० च्या पुढे जातोय, म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. कारखान्यातल्या रंगावर फिल्म निर्धास्त बसते. बाहेर रंगवलेल्या भागावर ती काढताना रंगही सोबत येऊ शकतो, म्हणून रॅपिंगवाल्याला हे आधीच सांगा.

गंज शेवटी, पण नीट बघा. दाराची खालची कड, डिकीच्या रबराखालची खाच, चाकांच्या कमानींची आतली बाजू. रंगाखाली मुगाच्या दाण्याएवढे फुगे दिसले तर गंज आतून आलेला आहे. रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी इथे अजिबात घाई करू नये, कारण खारट हवेत गंज फार लवकर पसरतो. गंजावर फिल्म लावणं म्हणजे ओल्या भिंतीवर वॉलपेपर लावणं.

निष्कर्ष सरळ आहे. मूळ रंग धड असेल तर फिल्म आणि रंगकाम दोन्ही रस्ते मोकळे. रंग गेलेला असेल तर रंगकामच. दोन-तीन पॅनेलच खराब असतील तर ते आधी रंगवा, ताजा रंग निदान महिनाभर पूर्ण वाळू द्या आणि मग सगळ्या गाडीवर फिल्म लावा. ताज्या रंगातून वाफा निघत राहतात, त्या फिल्मखाली अडकल्या की बुडबुडे येतात.

पायरी २: पर्याय समजून घ्या

*पूर्ण रंगकाम.* सगळ्यात जुना आणि कायमचा पर्याय. इथे पैसे खरे तर फवारणीचे नसतात, तयारीचे असतात. फवारा मारायला काही तास लागतात, त्याआधीच्या घासकामाला अनेक दिवस. पत्राकाम झालं की खोलगट जागी लांबी भरतात आणि ती आधी भरड, मग बारीक पेपरने घासतात. त्यावर सरफेसर प्रायमर येतो, तो ४०० ते ८०० नंबरच्या पाणी पेपरने घासून गुळगुळीत करतात. मग बेस कोटचे दोन-तीन हात आणि वर क्लिअर कोट. चांगल्या गॅरेजमध्ये हे बंद बूथमध्ये होतं आणि नंतर गाडी साधारण ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजतात.

आमचा टप रंगवणाऱ्या पेंटरचं काम मी बाजूला उभा राहून पाहिलं. त्यांनी सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला, जणू मिरपूड भुरभुरावी तसा. मग रबरी ठोकळ्याला पाणी पेपर गुंडाळून घासायला सुरुवात केली. उंच भागावरचा काळा लगेच गेला, खोलगट जागी ठिपके राहिले. जिथे ठिपका, तिथे खड्डा. तेवढ्याच जागी पुन्हा बारीक लांबी, पुन्हा घासणं. शेवटी तळहाताखाली सुती फडकं धरून, डोळे मिटून, त्यांनी सगळ्या टपावरून हात फिरवला. ‘डोळा फसतो, हात फसत नाही,’ म्हणाले. तुमच्या गॅरेजमध्ये हा काळा फवारा मारतात का, एवढं विचारलंत तरी समोरच्याला कळतं की गिऱ्हाईकाला कामातलं समजतं.

दुसरा प्रश्न रंगाच्या जातीचा. टू-के पीयू म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. त्यात हार्डनर मिसळतात आणि तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो. स्वस्तातल्या कामात अजूनही नुसत्या थिनरवर चालणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वापरतात. तो थिनर उडून गेल्यामुळे वाळतो, म्हणून थिनर सांडलं की पुन्हा विरघळतो आणि लवकर फिकाही पडतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा बसून त्यावर दुधट छटा येते. कोटेशनवर ‘टू-के पीयू’ असं लिहून घ्या आणि रंग कुठल्या कंपनीचा तेही. नेरोलॅक, निप्पॉन, पीपीजी, सिकेन्स ही नावं गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात. डबे उघडताना हजर राहता आलं तर उत्तम.

मूळ रंगच पुन्हा मारायचा असेल तर रंगाचा कोड शोधा. तो दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सुझुकीच्या गाडीवर ‘झेड२एस’ दिसलं तर तो सिल्की सिल्व्हर. कोड मिळाला तरी जुन्या गाडीवर छटा जुळवावी लागते, कारण उन्हाने मूळ रंग थोडा उतरलेला असतो. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांचं तर फार नाजूक असतं, फवाऱ्याचं अंतर बदललं तरी छटा बदलते.

रंग पूर्ण बदलणार असाल, म्हणजे पांढऱ्याची लाल वगैरे, तर दारांच्या आतल्या चौकटी, डिकीच्या आतली बाजू आणि बॉनेटखालचा भाग यांचं काय, ते आधीच ठरवा. स्वस्त कोटेशनमध्ये हे भाग धरलेले नसतात. मग दार उघडलं की जुना रंग दिसतो आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईकाला वाटतं, अपघात झाला असणार. मूळ रंग धड असलेली गाडी निव्वळ हौसेपोटी पूर्ण रंगवू नये, असं माझं ठाम मत आहे. कारखान्यातला रंग पुन्हा मिळत नाही.

*व्हिनाइल रॅप.* ही रंगीत फिल्म, जाडी साधारण ८० ते १०० मायक्रॉन. ग्लॉस, सॅटिन, मॅट, कार्बन फायबरसारखी नक्षी, हवं ते मिळतं. मूळ रंग खाली सुरक्षित राहतो आणि चार-पाच वर्षांनी फिल्म काढता येते. काम तीन-चार दिवसांत होतं.

इथे नवख्या माणसाची फसवणूक होते ती फिल्मच्या जातीत. व्हिनाइल दोन प्रकारे बनतं. कॅलेंडर्ड व्हिनाइल रुळांमध्ये दाबून पातळ करतात, पोळी लाटावी तसं. कणीक जरा ओढ धरून असली की लाटलेली पोळी कशी आक्रसते? तीच सवय या फिल्मला असते. उन्हाने तापली की ती मूळ आकाराकडे जाऊ बघते आणि कडा मागे सरकतात. कास्ट व्हिनाइल पातळ द्रवरूपात पसरून वाळवतात, तव्यावर घावन घालावं तसं. त्यात ओढ नसते, म्हणून आरशाच्या गोलाईवर आणि बंपरच्या खाचांत ते नीट बसतं. फ्लेक्स-बोर्डच्या दुकानात मिळणारं बहुतेक व्हिनाइल कॅलेंडर्ड असतं. सपाट टेम्पोवर जाहिरात लावायला ते ठीक, पूर्ण गाडीसाठी नाही. थ्रीएमची २०८० मालिका किंवा एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म ही कास्ट फिल्मची नेहमीची उदाहरणं. रोल तुमच्यासमोर खोक्यातून काढायला सांगा आणि खोक्यावरच्या मालिकेच्या नावाचा नि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

*पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म).* हा टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकचा जाड थर, १५० ते २०० मायक्रॉनचा. दगडांचे टोले झेलतो आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. तो रंगीतही मिळतो, पण मला त्यातला पारदर्शक मॅट प्रकार सगळ्यात हुशारीचा वाटतो. गाडीचा रंग तोच राहतो, चकाकी मात्र मखमली होते. रंग बदलत नसल्यामुळे आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नोंदीचा प्रश्नच येत नाही. ज्यांना ‘काहीतरी वेगळं’ हवंय पण नक्की काय ते ठरत नाही, त्यांनी हा पर्याय आधी बघावा.

*सोलता येणारा रबरी रंग.* फवाऱ्याने मारतात, वाळल्यावर रबरी साल तयार होते आणि कंटाळा आला की ती सोलून काढता येते. चार-पाच जाड हात दिले नाहीत तर साल पातळ राहते, सोलताना तुकडे तुकडे होतात. पेट्रोलने विरघळतो, म्हणून टाकीच्या झाकणाभोवती टिकत नाही. अलॉय व्हील, पुढची जाळी, कंपनीचा लोगो अशा छोट्या भागांवर प्रयोग करायला छान. पूर्ण गाडीला मी सुचवणार नाही.

*पावडर कोटिंग.* दुचाकीची फ्रेम, स्टँड, चाकं यांसाठी. कोरडी पूड विजेच्या भाराने धातूवर बसवतात आणि भट्टीत १८० ते २०० अंशांना वितळवतात. थर अतिशय चिवट होतो. जुन्या बुलेटवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर जाड थराखाली बुजता कामा नये. आरटीओत त्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा लागला आणि आकडे उमटले नाहीत, तर डोक्याला ताप होतो. कोटिंगला देण्याआधी त्या पट्टीवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा.

सिरॅमिक कोटिंग नावाच्या पारदर्शक लेपाने रंग बदलत नाही. पाणी आणि धूळ कमी चिकटते, चकाकी थोडी खुलते, एवढंच. ‘नवीन लूक’ म्हणून कुणी ते विकत असेल तर हे ध्यानात असू द्या.

खर्चाचं म्हणाल तर, मी पुण्यात हॅचबॅकसाठी कोटेशनं घेतली तेव्हा बूथ असलेल्या खासगी गॅरेजमध्ये त्याच रंगाचं पूर्ण काम ४० ते ६० हजारांत होत होतं. कास्ट व्हिनाइलचा आकडा त्याच्याच आसपास किंवा थोडा वर होता आणि रंगीत पीपीएफ लाखाच्या पुढे. तुमच्या गावात आणि तुमच्या गाडीसाठी आकडे बदलतील, पण हा क्रम साधारण असाच राहतो. कुणी कास्ट रॅप निम्म्या किमतीत देत असेल तर फिल्म कास्ट नाही असंच समजा.

पायरी ३: कागदपत्रं, आणि तीही काम सुरू व्हायच्या आधी

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा गाभा असा की आरसीवरचा तपशील आणि रस्त्यावरची गाडी यांत तफावत नको. फेरफार केल्यावर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल दिल्यापासून बदललेल्या गाड्यांकडे जास्त काटेकोरपणे पाहिलं जातं. तो निकाल मुख्यतः कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल होता. रंग बदलता येतो, फक्त तो नोंदवायचा असतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर वाहनसेवांमध्ये ‘अल्टरेशन’ या नावाखाली सापडतो. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्र जवळ ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल असं धरून चाला, ते मिळायला वेळ लागतो. गाडी तपासणीला न्यावी लागली तर काम झाल्यावर न्या.

फिल्म लावली तरी हे सगळं करायचं का, असं मला नेहमी विचारलं जातं. ‘काढता येते ना, मग कशाला?’ माझं उत्तर: आरसीवर पांढरा आणि नाकाबंदीत उभी गाडी निळी, असं असेल तर हवालदाराला फिल्म आणि रंग यांतला फरक समजावत बसावं लागतं. गाडी चोरीला गेली तर तक्रारीत कुठला रंग लिहिणार, हा तर त्याहून मोठा प्रश्न. मुख्य रंग बदलतोय तर नोंद करा. फक्त टप काळा केला, आरसे रंगवले, पट्टे लावले, तर मूळ रंग तोच राहतो. तरीही आरटीओत एकदा विचारून घेतलेलं बरं.

एक रंग मात्र पूर्णपणे बाद. लष्करी ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांनाच वापरता येतो. जीपप्रेमींना हा रंग फार खुणावतो, आणि काही दुकानदार ‘मिलिटरी मॅट’ म्हणून ती फिल्म दाखवतातही. घेऊ नका. टॅक्सी, रिक्षा, स्कूल बस यांचे रंग परवान्याशी बांधलेले असतात, तिथे आपल्या आवडीला जागा नाही.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. रॅपची किंमत पॉलिसीत धरली नसेल तर अपघातात दार बदललं तरी त्यावरची फिल्म तुमच्या खिशातूनच जाईल. गाडी वॉरंटीत असेल तर पूर्ण रंगकामाआधी गंजाबद्दलच्या वॉरंटीच्या अटी वाचा.

आणि हो, रॅपिंगवाला सोबत काचांची काळी फिल्मही देऊ करेल. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हा नियम आहे. गडद काळी फिल्म त्यात बसत नाही.

पायरी ४: दुकान निवडा

नाना पेठेत दुचाकीचं सामान घ्यायला गेलात तर दहा दुकानं रॅपिंग करून देणारी भेटतील, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर देखणे फोटो असतील. फोटो बघू नका. दोन वर्षांपूर्वी केलेली एखादी गाडी दाखवा म्हणा. नवी कोरी फिल्म सगळ्यांचीच चांगली दिसते, दोन उन्हाळे काढलेली फिल्म खरं सांगते. दाराच्या कडा, हँडलच्या खाचा आणि बंपरचे कोपरे बघा.

मग विचारा: हँडल, दिवे, रबर काढून फिल्म लावणार की त्यांच्या कडेने कापणार? काढून लावली तर फिल्म आत वळते आणि उचलत नाही. कडेने कापताना ब्लेड थेट गाडीवर चालवलं तर क्लिअर कोटवर चर पडतो, जो फिल्म काढल्यावर दिसतो आणि तिथूनच पुढे गंज शिरतो. जाणकार कारागीर आधी दोऱ्याची टेप लावतात, तिच्यावर फिल्म बसवतात आणि टेपमधला दोरा ओढून फिल्म कापतात. वाकवलेल्या जागी शेवटी हीट गनने ९० अंशांच्या वर तापवून फिल्म ‘बसवतात’ का, हेही विचारा. ही एक पायरी गाळली की महिन्याभरात खाचांमधली फिल्म ताणली जाऊन वर येते.

नव्या गाड्यांत बंपरच्या किंवा लोगोच्या मागे रडार असतं, ते आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसाठी. त्या जागी धातूचे कण असलेली किंवा क्रोम फिल्म चालत नाही, रडार आंधळं होतं. पार्किंग सेन्सरवरही फिल्म नको.

रंगकामाच्या गॅरेजमध्ये बूथ खरंच वापरात आहे की त्यात जुने टायर रचलेत, ते डोळ्यांनी पाहा. फवारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे तेही बघा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा होऊ शकतो. नुसता रुमाल बांधून ते काम करवून घेणाऱ्या गॅरेजला मी गाडी देत नाही. याच कारणासाठी यूट्यूब बघून सोसायटीच्या पार्किंगमध्ये टू-के स्प्रे मारू नका. शेजारी लहान मुलं खेळत असतात.

वेळ निवडायची मुभा असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा. हवा कोरडी, ऊन बेताचं. पावसाळ्यात बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये रंगकाम नकोच.

पायरी ५: गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी घेऊ नका, सकाळी जा. रंगात ओघळ, धुळीचे कण, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, शेजारच्या दोन पॅनेलच्या छटेतला फरक, हे उन्हात लगेच दिसतं. रबरांवर आणि काचांच्या कडेला रंगाचा फवारा उडालाय का बघा. नखाने काचेवर खरखर लागली तर उडालाय. फिल्म असेल तर प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाण्याचे बारीक बुडबुडे दिसू शकतात, ते पीपीएफमध्ये आपोआप वाळतात. कडा उचललेली असेल तर ती मात्र तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला आणेन, असं आधीच ठरवा आणि शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवता आला तर ठेवा.

पायरी ६: निगा

ताज्या रंगावर महिनाभर वॅक्स लावू नका, झाकणही घालू नका. फिल्मवाली गाडी पहिला आठवडाभर धुऊ नका. नंतरही प्रेशर गन कडांवर जवळून मारू नका, निदान हातभर लांब धरा. मॅट पृष्ठभागाला पॉलिश आणि वॅक्स पूर्ण वर्ज्य. त्याने मधेमधे चकचकीत डाग पडतात आणि ते जात नाहीत. फिरत्या ब्रशच्या धुलाईचंही तसंच.

आपल्याकडची एक गोष्ट कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसते. दसऱ्याला आईने आमच्या गाडीच्या बॉनेटवर नेहमीप्रमाणे ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि हळदीची बोटं ओढली. क्लिअर कोटवर हे दोन मिनिटांत पुसलं जायचं. फिल्मवर दिवसभर उन्हात राहिलं आणि हळदीचा पिवळा डाग आत मुरला. आठवडाभर सौम्य शॅम्पूने धुतल्यावर फिका झाला, गेला नाही. पुढच्या वर्षापासून आम्ही बॉनेटवर पारदर्शक फिल्मचा वितभर तुकडा लावतो, आई त्यावर स्वस्तिक काढते, दुसऱ्या दिवशी तुकडा काढून टाकतो. झेंडूचा हार ओला असेल तर त्याचा रंगही उतरतो, तो पुढच्या जाळीला बांधावा. रंगपंचमीला गाडी झाकून ठेवावी. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओला कपडा ठेवून मऊ करून लगेच पुसावी, उन्हात एक दुपार राहिली तरी ती खालच्या थराला खाते.

फिल्म काढायची वेळ आली की ती स्वतः ओढू नका, विशेषतः हिवाळ्यातल्या सकाळी. थंड फिल्म तुटते आणि गोंद गाडीवर राहतो. हीट गनने कोमट करून, पृष्ठभागाशी लहान कोन ठेवून, सावकाश ओढावी लागते. आणि टपावरची, बॉनेटवरची फिल्म बाकीच्या आधी म्हातारी होते. तिच्यावर बारीक तडे दिसू लागले की मुदत संपायची वाट न बघता तेवढ्या पॅनेलवरची फिल्म बदलून घ्या. त्यासाठी काम झाल्यावर उरलेला फिल्मचा तुकडा दुकानात सोडू नका. गुंडाळी करून, बॅच क्रमांकाची चिठ्ठी लावून, घरात सावलीत ठेवा. दोन वर्षांनी आरसा घासला गेला तर नेमकी तीच छटा बाजारात मिळेल याची खात्री नसते.